जमा, रायफल एक

साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत वाढलेल्या मुलाचा शस्त्रांशी संबंध यायचा तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला. साताऱ्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अजिंक्यतारा, ढाल-तलवारी आणि पिळदार मिशा उभ्या राहतात. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर मांडलेलं असायचं ते असं: विळी, अडकित्ता, हातोडी, दोन पान्हे आणि वडील सरकारी लेखा विभागात असल्यामुळे कागदाला भोकं पाडायचं एक जड पंचिंग मशीन. झेंडूचं सगळ्यात मोठं फूल त्या मशीनला. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जे काही छेदलं ते कागदच.

अशा घराण्यातला माणूस पंचावन्नी उलटल्यावर अमेरिकेत, ओहायो राज्यात, जुनी लष्करी रायफल विकत घेतो तेव्हा कारण सांगावं लागतं. बायकोनं ते विचारलं. आईनं साताऱ्याहून फोनवर विचारलं. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका गृहस्थांनी तर आवाज खाली आणून, 'घरी सगळं ठीक ना?' असं विचारलं. शिकार मी करत नाही. चोराची भीती म्हणावी, तर आमच्या गल्लीत शेवटची चोरी झाली ती भोपळ्याची, हॅलोवीनच्या रात्री. देशभक्तीचं नाव सांगितलं असतं तर चाललं असतं. पण मग कोणत्या देशाची, हा पुढचा प्रश्न आला असता.

खरं कारण असं की हा बाजार मला आवडला. जगातलं प्रत्येक सैन्य कधीतरी नवी रायफल घेतं आणि मग जुन्या लाखो रायफलींचं करायचं काय, असा प्रश्न त्या सरकारापुढे उभा राहतो. काही वितळवतात, काही पोलिसांना देतात, काही पुढच्या युद्धासाठी म्हणून ग्रीस चोपडून पेट्यांत भरतात आणि विसरतात. पन्नास वर्षांनी कोणी व्यापारी येतो, त्या पेट्या वजनाच्या भावानं उचलतो आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांना एकेक करून विकतो. रशियाच्या मोसिन-नागांत रायफली अशाच आल्या. १८९१ सालचा नमुना, कोट्यवधींनी बनलेला. पंधराएक वर्षांपूर्वीपर्यंत शंभर डॉलरच्या आत एक मिळायची. आता तिचे काहीशे डॉलर मोजावे लागतात आणि ज्यांनी तेव्हा पेटीच्या पेटी घेतली नाही ते सगळे हळहळत असतात. साताऱ्यात हाच सूर मी गोडोलीच्या प्लॉटबद्दल ऐकत आलोय.

या बाजाराला एक काळी बाजूही आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. १९६३ साली ली हार्वी ऑस्वाल्ड नावाच्या माणसानं शिकागोच्या एका दुकानाची मासिकातली जाहिरात पाहून, खोट्या नावानं, टपालानं एक इटालियन लष्करी रायफल मागवली. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॅलसमध्ये त्या रायफलीनं अध्यक्ष केनेडींचा बळी घेतला. १९६८ च्या कायद्यानं टपालानं बंदुका मागवणं बंद झालं आणि जुन्या लष्करी बंदुकांची आयातही थांबली. पुढे १९८० च्या दशकात पुराणवस्तू म्हणून मोडणाऱ्या रायफलींपुरतं दार पुन्हा किलकिलं झालं. पुराणवस्तू म्हणजे काय, तर वय पन्नास पूर्ण आणि मूळ रूपात फेरफार नाही. हा नियम वाचला तेव्हा मी स्वतः नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. पहिली अट पुरी होत होती. मूळ रूपाबद्दल बायकोचं मत वेगळं पडलं.

पहिली रायफल कोणती घ्यावी, यावर या छंदातल्या माणसांची जी मतं असतात ती ऐकून घ्यायला फार सवड लागते. आमच्या शेजारी एक निवृत्त यंत्रकारागीर राहतात. त्यांच्या तळघरात बारा देशांची सैन्यं भिंतीला टेकून उभी आहेत. त्यांच्या मते पहिली रायफल स्विस असावी. स्विस के-३१ च्या बटाची मागची पट्टी स्क्रू काढून उघडली की आत पुष्कळदा एक कागदी चिठ्ठी सापडते, आणि तिच्यावर ज्या सैनिकाला ती दिली होती त्याचं नाव, पलटण आणि घरचा पत्ता. अमेरिकेतल्या खरेदीदारांनी अशा पत्त्यांवर पत्रं टाकली आणि उत्तरंही आली. स्वीडनच्या जुन्या माउझरला बटावर एक पितळी चकती बसवलेली असते. तिच्यावर खुणा करून ठेवलेल्या असतात: नळी किती झिजली आहे, आतून किती स्वच्छ आहे. म्हणजे रायफलीचं आरोग्यपत्रक तिच्याच अंगावर. दुसऱ्या महायुद्धात रशियनांनी जर्मनांकडून ज्या माउझर रायफली जिंकल्या, त्या नंतर सुट्या करून, धुऊन, पुन्हा जोडल्या. एकीचा बोल्ट दुसरीला, तिसरीचा दस्ता पहिलीला. मग जिथे जिथे आकडे जुळेनात तिथे विजेच्या पेन्सिलीनं नवे आकडे कोरून ते जुळवून टाकले. लेखा विभागात यालाच समायोजन म्हणतात.

शेजारीबुवा हे सगळं रणवीरांच्या कथा सांगाव्यात अशा आवाजात सांगत होते आणि मी मनात वेगळाच हिशोब मांडत होतो. चिठ्ठी, चकती, क्रमांक, शिक्का, दुरुस्तीची तारीख. ह्या सगळ्यात लढाई आहेच कुठे? ह्यात आहे तो कारकून. लष्करी रायफल आयुष्यात गोळ्या झाडते किती, आणि मोजली जाते किती? सकाळी शस्त्रागारातून काढताना मोजायची, संध्याकाळी ठेवताना मोजायची, महिनाअखेर मोजायची, साहेब तपासणीला आला की सगळ्या पुन्हा. पुष्कळ जुन्या रायफलींची नळी तोंडाशी झिजलेली असते ती गोळ्यांनी नव्हे. साफ करताना वर्षानुवर्षं जी दोरी आतून ओढली जाते, तिच्या घासण्यानं. शत्रूनं केलं नाही ते नुकसान साफसफाईनं केलं. इतिहासात ह्या वस्तूवर वीरांनी हक्क सांगितलाय खरा, पण तिचे खरे सोबती स्टोअरकीपर, हवालदार आणि रजिस्टर. इथे माझं पंचिंग मशीनचं रक्त जागं झालं. हा तर आपलाच प्रांत!

माझी रायफल मला मिळाली ती एका गन-शोमध्ये. गन-शो म्हणजे शेतकी प्रदर्शनाच्या भल्यामोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडलेली लांबच लांब टेबलं. अर्ध्यांवर बंदुका, बाकीच्यांवर चाकू, जुनी पदकं, लष्करी पाण्याच्या बाटल्या, वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या आणि कोणा आजीबाईंनी विणलेले लोकरीचे मोजे. दारात पोलिस तुमची बंदूक, आणली असल्यास, रिकामी आहे ना ते पाहून बोल्टमध्ये प्लॅस्टिकची पट्टी अडकवतो. माझ्या हातात छत्री होती. तिच्याकडेही त्यानं क्षणभर पाहिलं.

एका टेबलाशी चपटं नाक वाटावं असं पुढचं बोथट तोंड दिसलं आणि मी थांबलो. ते तोंड मी आयुष्यभर पाहत आलोय. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या हवालदाराच्या मांडीवर, गणपतीच्या बंदोबस्तात, एसटी स्टँडवर, मतदान केंद्रावर. थ्री नॉट थ्री. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा सीएसटी स्थानकावरच्या पोलिसांच्या हातात हीच होती, समोरच्या दहशतवाद्यांकडे एके-४७. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी, संचलनात. १९०७ सालचा इंग्रजी नमुना आणि सेवानिवृत्ती ११३ व्या वर्षी. पेन्शन नाही.

टेबलामागच्या म्हाताऱ्यानं माझी नजर ओळखली.

"उचला की! चावत नाही."

उचलली. वजन चार किलोच्या पुढे, आणि ते माझ्या डाव्या खांद्याला ताबडतोब आठवलं. कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा हिनंच तो खांदा सोलवटला होता. आमच्या रायफलींवर 'डीपी' अशी मोठी अक्षरं होती, म्हणजे फक्त कवायतीसाठी. नळीला भोक पाडून मुद्दाम निकामी केलेल्या. 'बगल शस्त्र' म्हटलं की वर, 'बाजू शस्त्र' म्हटलं की खाली. गोळी म्हणून झाडायला मिळाली ती पॉइंट टू-टू रायफलीतून, तीही मोजून. आमचे उस्ताद गोळ्यांपेक्षा रिकाम्या पुंगळ्यांची काळजी जास्त करत, कारण पुंगळ्या परत जमा कराव्या लागत. एक हरवली तर अख्खी पलटण गवतात रांगायची.

"ही मूळची कुठची, माहीत आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"इंडिया."

"आणि तुम्ही?"

"मीपण."

"मग भाव कमी करायला सांगू नका. घरच्या माणसाशी घासाघीस करत नाहीत."

आमच्याकडे घरच्या माणसाशीच जास्त करतात, हे त्याला कोण सांगणार? बोल्टच्या मागे, दस्ता जिथे धातूला मिळतो तिथे उजव्या अंगाला, शिक्का होता. आर.एफ.आय., म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, रायफल ७.६२ एमएम २ए१, साल १९६७. माझ्यापेक्षा एक वर्षानं थोरली.

इशापूर म्हणजे बंगालमध्ये हुगळीकाठी, सियालदहच्या लोकल लाइनीवर. इंग्रजांच्या काळात तिथे आधी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच जागी रायफल फॅक्टरी उभी राहिली. तिनं दोन महायुद्धांत थ्री नॉट थ्री बनवल्या आणि स्वातंत्र्यानंतरही बनवत राहिली. मग १९६२ आलं. हिमालयात आपल्या जवानांच्या हातात एकेक गोळी बोल्ट ओढून भरायची हीच जुनी रायफल होती आणि चिन्यांकडे अर्धस्वयंचलित. त्या पराभवानंतर भारतानं नवं ७.६२ चं काडतूस आणि एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल घेतली. पण सगळ्यांना पुरतील इतक्या एसएलआर बनेपर्यंत काय? इशापूरच्या लोकांनी मग जुन्या नमुन्याची पोलाद बदललेली, नव्या काडतुसाची रायफल काढली. आपल्या घरांतून ही रीत कोणाला नवी आहे? नवा फ्रीज येईपर्यंत जुन्यालाच नवा कॉम्प्रेसर. तज्ज्ञ मंडळी हिला थ्री नॉट थ्रीवरून सुधारून घेतलेली समजू नका म्हणून कळकळीनं बजावतात: ही सगळीच्या सगळी नव्यानं घडवलेली. आधीच्या २ए मॉडेलच्या नेमपट्टीवर जुन्या हिशोबानं २००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले होते. पुढच्या २ए१ मध्ये ते ८०० वर आणले. दोन किलोमीटरवरच्या माणसाला चष्म्याविना कोण ओळखणार, हा विचार कोणाच्या तरी मनात आला असावा. त्या अनामिक अभियंत्याचं मला कौतुक वाटतं. सरकारी खात्यात आकडा खाली आणायला वाढवण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं.

तर मी तपासणी सुरू केली. मुळात जुन्या रायफलीची खरेदी आणि जुन्या बजाज स्कूटरची खरेदी यांत काही फरक नाही. तिथे इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसी बुकाशी जुळवायचे, पेन्सिलनं कागदावर छाप घ्यायचा. इथे बोल्टवरचा आकडा मुख्य सांगाड्यावरच्या आकड्याशी जुळवायचा. तिथे वेल्डिंग शोधायचं, इथे दस्त्यात मारलेला स्क्रू. (इशापूरच्या रायफलीला मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू कारखान्यातूनच मारलेला असतो, लाकूड फाटू नये म्हणून. तो दोष समजायचा नाही. तो नसला तर उलट विचारायचं.) तिथे मालक म्हणतो, एकाच माणसानं वापरलीय, इथेही विक्रेता तेच म्हणतो. मी पहिल्यांदा शोधली ती 'डीपी' अक्षरं. नव्हती. मग म्हाताऱ्यानं खिशातला छोटा दिवा काढून मागून नळीत धरला आणि मी पुढून पाहिलं. आत पिळाच्या रेघा अगदी लखलखत नव्हत्या, पण स्पष्ट होत्या, आणि शेवटी एक थेंबभर पांढरा उजेड. मग त्यानं एक काडतूस घेऊन त्याचं टोक नळीच्या तोंडात उलटं घातलं. जितकं जास्त आत जाईल तितकी झीज जास्त. टोक वेळेवर अडलं.

"वास घ्या," तो म्हणाला.

घेतला. जुनं ग्रीस, जवस, लोखंड, आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याला मी सरकारी गोदाम म्हणेन. मोडके टाइपरायटर, लाल फीत आणि डिंक ठेवलेल्या खोलीचा तो वास असतो. पंचिंग मशीनला यायचा.

बटावर पांढऱ्या रंगानं एक आकडा रंगवला होता, अर्धवट पुसलेला. कोणत्या तरी ठाण्याच्या किंवा पलटणीच्या रॅकमधला तो क्रमांक. आपल्या सैन्यात शस्त्रागाराला 'कोत' म्हणतात. त्या कोतात ही इतक्या नंबरच्या खाचेत उभी राहायची. कोणाची होती, कुठे होती, कळायला मार्ग नाही. स्विस लोकांसारखी चिठ्ठी आपण ठेवत नाही. नळीच्या खाली आणखी एक कोरीव ओळ होती, ती अमेरिकेची: आयात करणाऱ्याचं नाव, गाव, आणि 'इंडिया'. कायद्यानं ही ओळ कोरावीच लागते आणि संग्राहक तिच्यावरून नाक मुरडतात. मला ती आवडली. पासपोर्टावर इमिग्रेशनचा शिक्का असतोच की, माझ्याही आहे.

पैसे ठरल्यावर फॉर्म ४४७३ आला. तुम्ही फरारी आहात का, तुम्हाला कोर्टानं कधी मनोरुग्ण ठरवलंय का, बंदूक स्वतःसाठी घेताय की दुसऱ्या कोणासाठी, असे त्यात प्रश्न. जन्मगावाच्या रकान्यात मी 'सातारा' लिहिलं. शस्त्राच्या सरकारी कागदावर आमच्या पेठेतून हे नाव प्रथमच गेलं असेल. इथे एक गंमत सांगायलाच हवी. एच-वन व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक घेता येत नाही; मात्र त्याच्याकडे शिकारीचा परवाना असला तर घेता येते. म्हणजे कोड लिहिणारा नुसता बसून राहिला तर धोकादायक, हरणं मारायला लागला की विश्वासाचा. मी नागरिक असल्यामुळे माझं हरणावाचून भागलं. म्हाताऱ्यानं माझी माहिती एफबीआयकडे पाठवली. उत्तरं तीनच येतात: पुढे चला, थांबा, नाही. माझं 'पुढे चला' आलं तेव्हा दहावीचा निकाल लागल्यागत मी त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

आता ह्याच वस्तूची भारतातली गोष्ट पाहा. १८७८ च्या कायद्यानं इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं म्हणून आपल्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. इंग्रज गेले. १९५९ चा आपला स्वतःचा कायदा आला आणि लष्करी काडतुसाची रायफल नागरिकाला वर्ज्यच राहिली. म्हणून आपले कारखाने नागरिकांसाठी .३१५ बोअरची वेगळी रायफल बनवतात. चालते जवळजवळ ह्याच यंत्रणेवर, फक्त काडतूस निराळं. त्यावरून मी कुणाला बोल लावणार नाही. गन-शोच्या शेडमध्ये फिरल्यावर आपला कायदा शहाणा वाटतो आणि त्याच शेडमधून रायफल घेऊन बाहेर पडताना त्यांचा सोयीचा वाटतो. ही दोन्ही मतं एकाच डोक्यात सुखानं नांदतात, असा माझा अनुभव आहे.

गोळी झाडण्याआधी बंदूकमिस्त्रीकडे जायचंच, असं शेजारीबुवांनी बजावलं होतं. मिस्त्रीचं दुकान गॅरेजमध्ये, भिंतभर कानशी. त्यानं बोल्ट काढला, पुसला आणि दोन पोलादी ठोकळ्या बाहेर काढल्या, काडतुसाच्या आकाराच्या, अंगठ्याएवढ्या. एकीवर 'गो', दुसरीवर 'नो-गो'. बोल्ट मिटल्यावर त्याचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यात किती जागा उरते, याची ही परीक्षा. जागा जास्त असली तर स्फोटाच्या वेळी पुंगळी ताणून फाटते आणि तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. 'गो' घातली, बोल्ट लोण्यातून सरकावा तसा मिटला. 'नो-गो' घातली. मिस्त्रीनं मूठ दोन बोटांनी हलकेच खाली दाबली. मूठ अर्ध्यावर येऊन थांबली. त्यानं जोर लावला नाही, मलाही लावू दिला नाही. साठ वर्षांपूर्वी हुगळीकाठी कोणीतरी कानस फिरवून जे माप ठरवलं ते ओहायोत अजून अडून बसलं होतं. ह्या सबंध व्यवहारात मला अभिमान वाटलेला क्षण कोणता, तर हा. मिस्त्रीनं पंचवीस डॉलर घेतले आणि पावती दिली. पावती मी फाइलला लावली.

घरी आणल्यावर खरं काम सुरू झालं. रशियन रायफली कॉस्मोलिन नावाच्या चिकट मेणात बुडवलेल्या येतात आणि लोक त्या काळ्या कचरापिशवीत गुंडाळून भर उन्हात गाडीत ठेवतात, म्हणजे मेण लाकडातून घाम फुटावा तसं झिरपतं. काही महाभाग भट्टीत भाजतात. आमच्या भट्टीकडे मी पाहिलंसुद्धा नाही. तिच्यात मंगळवारी बाकरवडी व्हायची होती. माझ्या रायफलीला साधं जुनं ग्रीस होतं. ते टर्पेंटाइननं निघालं. बटाच्या मागच्या धातूच्या पट्टीला एक छोटं झाकण असतं. ते नखानं उघडलं, आत तेलाची कुपी आणि दोरी ठेवायची पोकळी. कुपी नव्हती. दोरीही नव्हती. तळाशी सुकून कडक झालेला कापडाचा एक बोळा होता. एनसीसीत ह्याला चिंदीच म्हणत, आणि तिचं माप पाठ असावं लागे: चार इंच बाय दोन इंच. मी बोळा कोमट पाण्यात भिजवून उलगडला आणि फूटपट्टी लावली. चार बाय दोन. कुठल्याशा हवालदाराचं काम चोख होतं.

लाकडाला जवसाचं तेल लावायचं असतं. ब्रिटिश काळापासून हीच रीत. हार्डवेअरच्या दुकानातून डबा आणला आणि तळहातानं चोळू लागलो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला:

"अहो, चटणीचा वास कसला येतोय?"

"दस्त्याला जवस लावतोय."

"खायचं की लावायचं ते एकदा ठरवा."

ह्यात एक धोका आहे आणि बंदुकीतला सगळ्यात जवळचा धोका मला हाच वाटतो. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून टोपलीत टाकली तर ती हवेशी संयोग पावताना तापत जातात आणि काडी न लावता पेट घेतात. फडकी पसरून, सुटी सुटी, बाहेर वाळवायची. गोळीचं दुखणं सगळ्यांना माहीत. घर जळतं ते पोतेऱ्यानं.

गोळीबाराच्या मैदानाचं फारसं सांगण्याजोगं नाही. कानांवर ठोकळे, डोळ्यांवर चष्मा, बाजूच्या मेजावरचा तरुण ती कुठली, म्हणून विचारायला आला. माशी खाचेत बसवली, श्वास सोडला, चाप ओढला. झटका जोरदार, पण रायफल ओळखीची असल्यामुळे तक्रार नव्हती. कागदावर छिद्र पडलं ते मध्यबिंदूच्या बरंच वर. लष्करी रायफली लांब पल्ल्याला बांधलेल्या असतात, जवळून वरच मारतात. छिद्र गोल, स्वच्छ, कडा न फाटलेल्या. घराण्याची परंपरा अखंड राहिली. पुंगळ्या मात्र मी सगळ्या गोळा करून आणल्या, मोजून. गवतात रांगण्याची कोणी आज्ञा केली नव्हती.

आता ठेवायची कुठे? त्यासाठी पोलादी तिजोरी घेतली. तिजोरी रायफलीपेक्षा महाग पडली आणि तिला वर आणायला चार माणसं लागली. जागा उरली म्हणून बायकोनं तिच्यात पासपोर्ट, ओसीआय कार्डं, घराची कागदपत्रं, तिच्या पाटल्या आणि काश्मिरी केशराची डबी ठेवली. रायफल डाव्या कोपऱ्यात अंग चोरून उभी आहे. दार उघडलं की आधी केशराचा वास येतो.

जुन्या बंदुकांच्या संग्राहकांना अमेरिकेत एक वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांचे तीस डॉलर. तो घेतला की एक वही ठेवावी लागते, बांधीव, आणि तिच्यात प्रत्येक बंदुकीची नोंद: कधी आली, कोणाकडून, बनवणारा कोण, मॉडेल, क्रमांक, कॅलिबर, आणि पुढच्या पानावर कधी गेली, कोणाकडे. तो परवाना मी अजून घेतलेला नाही. वही मात्र घातली. लाल शाईनं रकाने आखले, डाव्या बाजूला 'जमा', उजव्या बाजूला 'खर्च', आणि पहिली ओळ भरली. शेजारीबुवा ती पाहून म्हणाले की आता इशापूरचीच .४१० घ्या, जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी रुंद करून पोलिसांसाठी एकनळी बंदूक केलेली असते, जोडीला छान दिसेल. बायको चहा घेऊन आली होती. तिनं वही हातात घेतली, रकाने वाचले आणि म्हणाली,

"माझ्या पाटल्याही घाला ह्यात. एकाच तिजोरीत आहेत ना?"

"अगं, ह्याला बनवणारा लागतो, कॅलिबर लागतं."

"बनवणारे आमचे सोनार, राजवाड्याजवळचे. कॅलिबर दोन-सहा. लिहा."